काटा खोटा ठरवण्याआधी

पिंपळे सौदागर

चि. रोहन यास,


तुझा मेसेज वाचला. बूस्टचा डायल १.१० बार दाखवतो आणि मोबाइलवरचं अ‍ॅप १.०४, अ‍ॅपचं खरं धरून गॅरेजवाला टर्बो उघडायला सांगतोय. एवढ्यावर टर्बोला हात लावू नकोस.

आधी इंजिन बंद ठेवून किल्ली नुसती ऑन कर आणि अ‍ॅप बघ. अशा वेळी मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते, म्हणजे बूस्ट शून्यच यायला हवं. उणे ०.०६ आलं तर चोर सापडला. गाडीतला सेन्सर निरपेक्ष दाब मोजतो; अ‍ॅप त्यातून हवेचा दाब वजा करतं. काही अ‍ॅप कुठेही गेलात तरी समुद्रसपाटीचे १०१ किलोपास्कलच धरून बसतात. आपण साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर राहतो, इथे हवेचा दाब ९५ च्या आसपास. राहिले सहा किलोपास्कल, तेच तुझे ०.०६ बार. महाबळेश्वरला हीच चूक ०.१५ च्या घरात जाईल. नळीवरच्या डायलला हा घोळ नाही, तो बाहेरच्या हवेच्या तुलनेतच दाब दाखवतो.

म्हणून डायल अचूक, असंही समजू नकोस. पुष्कळ डायलमध्ये काटा शून्यावरच्या खिळीला टेकलेला असतो. त्याचं शून्य हा पुरावा नव्हे. शिवाय अचूकता फुल स्केलवर सांगतात. दोन बारच्या डायलवर अडीच टक्के म्हणजे सगळीकडे ०.०५ बार; अर्ध्या बारला तीच चूक दहा टक्के होते.

खरी परीक्षा हँड पंपावर. टी-जोड लावून एका तोंडाला सर्टिफिकेट असलेला मास्टर गेज, दुसऱ्याला तुझा. मास्टर निदान चौपट अचूक हवा. अर्धा, एक, दीड बारला थांबत चढ, मग तसाच उतर. प्रत्येक ठिकाणी काचेवर बोटानं हलकेच टिचकी मार. काटा उडी मारत असेल तर तो आत घासतोय. चढताना एक आणि उतरताना भलताच आकडा आला, तर नुसतं शून्य जुळवून भागत नाही. कागदावर दोन्ही रकाने लिही, नुसती चढती बाजू बघून डायल पास करणारे मी भोसरीत पुष्कळ पाहिलेत आणि मला ते मुळीच पटत नाही.

आणि डायलची नळी इंटरकूलरच्या आधी जोडलीय की नंतर, तेही बघून ठेव. आधी जोडली असेल तर आकडा मॅनिफोल्डपेक्षा जास्तच येणार.

रविवारी डायल काढून घरी घेऊन ये, मास्टर गेज मी आणतो. तोवर टर्बोचा एकही बोल्ट सैल करू देऊ नकोस.

तुझा,
काका