पाण्यावरील मुले आणि काठावरचा स्वयंसेवक

वल्हवण्याच्या होड्यांचा खेळ पाहावयास जाणाऱ्याचे लक्ष साहजिकच पाण्याकडे असते. हातात नोंदवही घेऊन काठावर उभ्या असलेल्या माणसाकडे सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः मंडळ चालते ते त्याच्यावर. आपल्या राज्यात जलाशयांवर व नद्यांवर जलक्रीडेची हौस वाढत असताना या बिनपगारी कार्यकर्त्याच्या कामाचा परिचय शिक्षकांना व पंचायत सदस्यांना असणे अगत्याचे आहे.

कयाक ही मूळची आर्क्टिक प्रदेशातील इनुइट शिकाऱ्यांची होडी. तीत पाय पसरून बसतात व दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे चालवितात. कॅनो उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांची. तिचे वल्हे एकपाती. जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश वकिलाने १८६६ मध्ये इंग्लंडमध्ये कॅनो क्लब स्थापन केला, तर १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये या खेळाला अधिकृत स्थान मिळाले. ब्रिटनमधील स्थानिक मंडळे मुख्यतः नोकरीधंदा सांभाळून सायंकाळी व सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या स्वयंसेवकांनी उभी केलेली आहेत.

या स्वयंसेवकांपैकी प्रत्येकजण उत्तम वल्हवणारा असतो असे मुळीच नाही. एकजण होड्या तपासतो : तडा गेला आहे काय, उलटली तरी होडी तरंगत ठेवणाऱ्या हवेच्या पिशव्या जागेवर आहेत काय. दुसरा प्रत्येक मुलाच्या जीवरक्षक जाकिटाचे पट्टे बांधून झाल्यावर खांद्याला धरून ते वर ओढून पाहतो. जाकीट हनुवटीच्या वर सरकले तर ते मापाचे नाही. अशा मुलाने पाण्यात उतरावयाचे नाही, मग ते कितीही रडो. तिसरा पिशवीत भरलेला लांब दोर घेऊन काठावर थांबतो. बुडणाऱ्याकडे पोहत जाण्यापेक्षा काठावरून दोर फेकणे अधिक सुरक्षित असते. मात्र तो नेमका फेकण्याचा सराव करावा लागतो. आणि चौथा नोंदवही ठेवतो : कोण गेले, केव्हा गेले, केव्हा परत येणार.

हे चौथे काम सर्वांत नीरस वाटते. त्याचे मोल २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम उपसागरात दिसून आले. एका साहस केंद्रामार्फत आठ विद्यार्थी, एक शिक्षक व दोन प्रशिक्षक कयाकमधून समुद्रात गेले. वाऱ्याने मुले किनाऱ्यापासून दूर लोटली गेली, होड्यांत पाणी भरले. ठरलेल्या वेळी ती परतली नाहीत, तरीही मदतयंत्रणेला कळविण्यात मोलाचा वेळ गेला. चार मुले दगावली. पुढे केंद्र चालविणारी कंपनी मनुष्यवधाबद्दल दोषी ठरली व १९९५ मध्ये अशा केंद्रांसाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. त्याखालील नियमांतून स्वतःच्या सदस्यांसाठी उपक्रम चालविणाऱ्या स्वयंसेवी मंडळांना व स्वतःच्या विद्यार्थ्यांसाठी ते चालविणाऱ्या शाळांना वगळण्यात आले. ही सूट म्हणजे मोकळीक नव्हे. जेथे परवाना तपासणारा अधिकारी येणार नाही, तेथे तपासणी मंडळाने स्वतःच करावयाची असते, आणि ती करणारा माणूस म्हणजे हा काठावरचा स्वयंसेवक.

आपल्याकडील अनुभवही वेगळा नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदरा येथील हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळेची होडी उलटून बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका मरण पावल्या. होडीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती व अनेकांच्या अंगावर जाकिटे नव्हती. माणसे मोजणे आणि जाकिटे तपासणे या दोन्ही गोष्टींना खर्च असा फारसा नाही.

स्वयंसेवकांच्या जोरावर हा खेळ आपल्या राज्यातही रुजू शकतो. पुण्यात संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाचा (आताच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचा) बोट क्लब १९२८ पासून आहे. तेथील रेगाटा हा वार्षिक जलोत्सव विद्यार्थीच पार पाडतात. त्यात कयाकच्या कवायती पाहावयास मोठी गर्दी लोटते.

गावपातळीवर असा उपक्रम सुरू करताना इंग्लंडची नियमावली जशीच्या तशी उचलून भागणार नाही. तिकडे थंड पाण्याची भीती, इकडे बंधाऱ्याची. बंधाऱ्यावरून कोसळणारे पाणी तळाशी जाऊन पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडे वळते. त्या घुसळणीत सापडलेला माणूस, पट्टीचा पोहणारा असला तरी, तेथेच फिरत राहतो. वरच्या अंगाने होडीतून येणाऱ्यास बंधारा दिसतही नाही, पाण्याची केवळ एक सरळ रेषा दिसते. म्हणून बंधाऱ्याच्या बरेच अलीकडे रंगीत पिंपे दोराने बांधून हद्द आखावी आणि तेथे एक माणूस नेमावा. पावसाळ्यात व त्यानंतर लेप्टोस्पायरोसिसचा धोका ध्यानी घेऊन अंगावर जखम असणाऱ्यास पाण्यात उतरू देऊ नये.

धरणाखालच्या नदीत आणखी एक दक्षता हवी. आवर्तन सुटले की कोरडे पात्रही थोड्या वेळात भरते. तेव्हा प्रत्येक सत्रापूर्वी जलसंपदा विभागाच्या शाखा कार्यालयाकडे विचारणा करून उत्तर कोणी दिले व किती वाजता, हे त्याच नोंदवहीच्या पहिल्या ओळीत लिहावे. पाणी सुटणार असल्यास त्या दिवशी होड्या काठावरच राहतील, आणि मुलांना दोर फेकण्याचा सराव देता येईल.