पिकअपचे टायर: आधी माल बघा, मग नक्षी

पिकअपच्या भाड्याच्या धंद्यावर आपण व्हिडिओ केला, त्यात टायरचा भाग घाईत उरकला होता. तो इथे नीट बघू.

वारंगा फाट्याचंच उदाहरण घ्या. नांदेड, हिंगोली आणि हदगाव-यवतमाळकडचे रस्ते इथं भेटतात, म्हणजे हायवे दारातच. पण माल हायवेवर नसतो. तो असतो पाणंद रस्त्याच्या टोकाला, काळ्या जमिनीत. दुकानदार विचारतो, "रिब टाकू का लग?" आणि आपण शेजाऱ्याच्या गाडीला जे आहे तेच सांगून मोकळे होतो.

रिब म्हणजे सरळ उभ्या पट्ट्यांची नक्षी. डांबरीवर हलकी पळते, कमी झिजते, वळणावर गाडी हातात राहते. लग म्हणजे जाड गुटके आणि मध्ये रुंद खाचा. चिखलात पकडते, पण हायवेवर आवाज करते, लवकर झिजते, डिझेलही जास्त खाते. सेमी लग या दोघांच्या मधला.

आता स्वतःला विचारा: माझा माल कोणता आणि तो कोणत्या महिन्यात निघतो? हळद फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निघते, शिजवून वाळवून पोती वसमत, हिंगोलीच्या मार्केटला जातात ती उन्हाळ्यात. तेव्हा पाणंद दगडासारखी कडक असते. नुसती हळद वाहणाऱ्याने लग टायर कशाला घ्यायचे? डोंगरकडा, अर्धापूर पट्ट्यातली केळी मात्र पाऊस उघडायची वाट बघत नाही. घड तयार झाला की गाडी लागतेच. त्याला मागे सेमी लग हवेत. बहुतेक पिकअपला जोर मागच्या चाकांवर असतो, म्हणून पुढे रिब आणि मागे सेमी लग ही जोडी चालते. फक्त एका एक्सलवर दोन्ही टायर एकाच नक्षीचे, एकाच प्रकारचे पाहिजेत. एकीकडे रेडियल, दुसरीकडे नायलॉन असं कधीच नको.

हिशोब करू. आकडे समजुतीपुरते, तुमच्या दुकानातले भाव घाला. समजा रिब टायर ८,००० रुपयांचा, ५०,००० किमी चालला, तर किलोमीटरला १६ पैसे. सेमी लग ९,००० चा, ३०,००० किमी चालला, तर ३० पैसे. फरक १४ पैसे. मागचे दोन टायर, वर्षाला ३०,००० किमी, म्हणजे ८,४०० रुपये जास्त. आता गाडी एकदा फसली की ट्रॅक्टरचे ७०० आणि बुडालेल्या खेपेचे १,४०० धरा, झाले २,१००. म्हणजे सेमी लगमुळे वर्षात चार वेळा फसणं वाचलं तर पैसे फिटले. त्याहून कमी फसत असाल तर रिबच बरा.

पण एक खरं सांगतो, दुकानात कोणी सांगणार नाही. ओली काळी माती खाचांत भरून बसली की महागडा लगसुद्धा गुळगुळीत गोळा होतो. मुरमाड जमिनीत तो कमाल करतो, काळ्या गाऱ्यात नाही. तिथे वाफसा येईपर्यंत थांबायचं, नाहीतर माल ट्रॅक्टरने सडकेवर आणायचा. भाडं ठरवतानाच हे शेतकऱ्याशी बोलून घ्या. आणि रिकामी गाडी मागून हलकी असते, त्यामुळे बऱ्याचदा आत जातानाच फसते!

चिखलासाठी हवा कमी करायची युक्ती भरल्या पिकअपला करू नका. कमी हवेत टायरची भिंत सारखी दुमडते, तापते आणि नंतर हायवेवर फुटते. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. किती ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं.

टायर घेताना भिंत वाचा. आकाराच्या पुढे लोड इंडेक्स असतो: १०९ म्हणजे एका टायरला १,०३० किलो, ११५ म्हणजे १,२१५ किलो. कंपनीने दिलाय त्यापेक्षा कमी घेऊ नका, दिसायला टायर सारखाच असला तरी. चार आकडी तारीखही बघा. २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. जुना माल "ऑफर" म्हणून गळ्यात मारतात. खाचेची खोली १.६ मिमीवर आली की टायर बाद. खाचेतल्या छोट्या उंचवट्याशी रबर समतल झालं की तो आकडा गाठला समजा.

रिमोल्ड टायर स्वस्त पडतो, पण पुढच्या चाकाला नको. तिथे फुटला तर स्टेअरिंग हातात राहत नाही. आणि स्टेपनी वेगळ्या नक्षीची असेल तर ती फक्त पंक्चर काढेपर्यंतच वापरा.