चार्लीचा कारखाना

परदेशी चित्रपट म्हटला की उंचच उंच इमारती, भरधाव मोटारी आणि न कळणारी भाषा आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. त्या झगमगाटाने काही जण दिपून जातात. तर काही जण ‘हे आपले नव्हे’ असे म्हणून पाठ फिरवितात. या दोन्ही वाटा सोडून एखादा अमेरिकन चित्रपट डोळसपणे कसा पाहावा, याचा विचार आपण या पाठात करू.

तो चित्रपट म्हणजे ‘मॉडर्न टाइम्स’. या नावाचा अर्थ ‘आधुनिक काळ’. फेब्रुवारी १९३६ मध्ये तो न्यूयॉर्क येथे प्रथम दाखविण्यात आला. त्याचा लेखक, दिग्दर्शक, संगीतकार आणि नायक एकच होता : चार्ली चॅप्लिन.

चॅप्लिनचा जन्म १८८९ साली इंग्लंडमध्ये झाला. त्याचे बालपण लंडनमध्ये अत्यंत गरिबीत गेले; काही दिवस तर त्याला निराधारांच्या आश्रयगृहात काढावे लागले. पुढे एका नाटकमंडळीबरोबर तो अमेरिकेस गेला आणि १९१४ साली पडद्यावर आला. तोकडा कोट, ढगळ विजार, पायांहून मोठे जोडे, वाटोळी टोपी, आखूड मिशा आणि हातात वेताची काठी, असा त्याचा भटक्या साऱ्या जगाला परिचित झाला. त्याचा खिसा रिकामा असे. परंतु चालीतला रुबाब तो कधी सोडीत नसे.

‘मॉडर्न टाइम्स’ निघाला तेव्हा बोलपटांचा काळ सुरू झाला होता. आपल्याकडेही ‘आलम आरा’ १९३१ साली आणि ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली झळकला होता. तरीही चॅप्लिनने आपल्या भटक्याला जवळजवळ मुकेच ठेविले. तो इंग्रजी बोलू लागता, तर इंग्रजी जाणणाऱ्यांपुरताच उरला असता. चित्रपटाच्या शेवटाकडे तो एकदाच गातो. पण त्या गाण्याचे शब्द कोणत्याच भाषेतले नाहीत, आणि तरी गोष्ट सर्वांना कळते! आपल्या पालघर जिल्ह्यातील मुलांना याचे नवल वाटू नये. वारली चित्रातील तारपा वाजविणारा आणि त्याच्याभोवती फेर धरून नाचणारी माणसे अक्षरावाचून बोलतातच की!

आता चित्रपटाकडे वळू. प्रारंभी पडद्यावर मेंढरांचा कळप धावताना दिसतो आणि लगेच त्याच जागी कारखान्याकडे लोटणारी कामगारांची गर्दी दिसू लागते. पुढे चार्ली एका सरकत्या पट्ट्यापाशी उभा असतो. पट्ट्यावरून येणाऱ्या तुकड्यांचे नट पान्यांनी आवळायचे, एवढेच त्याचे काम. मालकाचा हुकूम सुटतो, पट्ट्याचा वेग वाढतो. नाक खाजवायलाही सवड नाही! काम थांबले तरी त्याचे हात तसेच झटके देत राहतात. क्षणभर विसावा घ्यावा म्हणून तो आडोशाला जातो, तो तेथील भिंतीवर मालकाचा प्रचंड चेहरा प्रकट होऊन त्याला दटावतो.

जेवणाच्या सुटीतही वेळ जाऊ नये म्हणून एक यंत्र आणले जाते. ते कामगाराला भरविणार! पण यंत्र बिघडते. मक्याचे कणीस चार्लीच्या तोंडावर गरगर फिरू लागते. शेवटी तो पट्ट्यावरून थेट यंत्राच्या पोटात जातो आणि दातेरी चाकांमधून फिरतो. पाहणाऱ्याची हसून हसून मुरकुंडी वळते.

हे चित्र केवळ कल्पनेतून निघालेले नाही. १९१३ साली अमेरिकेत हेन्री फोर्डच्या मोटार कारखान्यात सरकत्या जोडणीची पद्धत सुरू झाली. मोटारीच्या सांगाड्याच्या जोडणीस पूर्वी बारा तासांहून अधिक वेळ लागे. तो सुमारे दीड तासावर आला. मोटारी स्वस्त झाल्या, वेतनही वाढले. परंतु माणसाला दिवसभर एकच हालचाल करीत राहावे लागले. १९२९ नंतरच्या महामंदीत तेही काम लाखोंच्या हातून गेले. चित्रपटात भूक, संप आणि तुरुंग दिसतात, ते यामुळेच.

याच प्रश्नावर चॅप्लिनने एका भारतीयाशी बोलणे केले होते. गोलमेज परिषदेसाठी महात्मा गांधी लंडनला गेले असता २२ सप्टेंबर १९३१ रोजी दोघांची भेट झाली. यंत्रामुळे माणसाचे कष्ट कमी होतील, मग त्याला विरोध का, असे चॅप्लिनने विचारले. भारत इंग्लंडच्या यंत्रांवर अवलंबून राहिल्यानेच पराधीन झाला आहे, तेव्हा आधी त्या परावलंबनातून सुटणे अवश्य आहे, अशा आशयाचे उत्तर गांधीजींनी दिले. या भेटीनंतर पाच वर्षांच्या आतच हा चित्रपट पडद्यावर आला.

मुलांनो, आता आपल्या बोईसरकडे पाहा. पाळीच्या वेळी स्थानकावर गाडी थांबते आणि माणसांचा लोंढा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे निघतो. तेथे औषधे, रसायने, कापड आणि लोखंडी माल तयार होतो. चार्लीचा कारखाना आपल्याला तितकासा दूरचा नाही.

आमच्या शाळेत हा चित्रपट दाखविला, तेव्हा सारा वर्ग खदखदून हसत होता. एक मुलगी मात्र गप्प बसली होती. मी कारण विचारले. ती म्हणाली, “सर, माझे बाबा कारखान्यात बाटल्यांना झाकणे बसवतात. रात्री झोपेतसुद्धा त्यांची बोटे तशीच हलतात.” वर्ग एकदम शांत झाला. मग आम्ही चित्रपटाचा तो भाग पुन्हा लावला. या वेळीही मुले हसली. पण त्या हसण्यात चार्लीविषयी माया होती.

म्हणून यंत्रे मोडून टाकावीत काय? मुळीच नाही. देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली आपल्या तारापूरलाच सुरू झाले; त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन कंपनीनेच उभारून दिल्या होत्या. यंत्रानेच दळणाकांडणाचे कष्ट हलके केले. प्रश्न यंत्राचा नसून वेगाचा आणि मानाचा आहे. पट्टा किती वेगाने फिरावा, हे ठरविताना पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाचा विचार झाला काय, एवढेच चॅप्लिन विचारतो.

चार्लीचा हा भटक्या आपल्या कलावंतांनीही आपलासा केला. राज कपूर यांनी ‘आवारा’ (१९५१) आणि ‘श्री ४२०’ (१९५५) या चित्रपटांत त्याला भारतीय रूप दिले. परक्याचे चांगले ते घ्यावे आणि आपल्या मातीत रुजवावे, ते असे.

चित्रपटाच्या अखेरीस चार्ली आणि त्याची अनाथ सोबतीण पहाटे रस्त्याच्या कडेला बसलेली दिसतात. काम नाही, घर नाही. ती रडू लागते. तो तिला धीर देतो, हसायला सांगतो आणि दोघे लांबच लांब रस्त्याने चालू लागतात. परदेशी चित्रपट पाहून आपल्या शेजारच्या माणसाचे कष्ट आपल्याला अधिक स्पष्ट दिसू लागले, तर तो चित्रपट आपण खऱ्या अर्थाने पाहिला असे समजावे.

स्वाध्याय

१. चॅप्लिनने आपला भटक्या मुका का ठेविला?
२. मेंढरांच्या कळपानंतर लगेच कामगारांची गर्दी का दाखविली असावी?
३. वर्गातील मुलांच्या पहिल्या आणि दुसऱ्या हसण्यात कोणता फरक होता?
४. तुमच्या परिचयाच्या एखाद्या कामगाराला त्याच्या दिवसभराच्या कामाविषयी विचारा आणि ते दहा-बारा ओळींत लिहा.