स्वमग्न बालकाचा अभ्यंग : स्पर्शापूर्वीची तयारी

काही वर्षांपूर्वी सहा वर्षांच्या एका स्वमग्न बालकास माझ्याकडे आणले होते. निद्रानाश, अखंड येरझारा आणि अकारण किंचाळणे अशा पालकांच्या तक्रारी होत्या. वातवृद्धी स्पष्ट वाटली, म्हणून शिरोधारा योजली. दोघा परिचारकांनी हातपाय धरले, धारा सुरू झाली आणि तिसऱ्या मिनिटास ती थांबवावी लागली. त्यानंतर ते बालक चिकित्सालयाच्या पायरीवरही चढले नाही. द्रव्य योग्य होते असे मी बरेच दिवस मनाला समजावत राहिलो. चूक माझ्या कृतीत होती.

बालकास भयभीत करणे योग्य नव्हे, हे चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. तेथेच बालकाची खेळणी आवाज करणारी असावीत असेही म्हटले आहे. मात्र खुळखुळा वाजताच कानांवर हात ठेवणारे बालक समोर असता शब्दार्थापेक्षा हेतू पाहावा लागतो.

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही अवस्था लिओ कॅनर यांनी १९४३ साली वर्णिली. तिला उन्मादाच्या एखाद्या भेदात बसविण्याचा खटाटोप पुष्कळदा केला जातो. मला तो पटत नाही. उन्मादात घडलेले मन विभ्रम पावते. येथे मनाची जडणघडणच आरंभापासून निराळी असते. चिकित्सेस उपयोगी पडणारे सूत्र वेगळेच आहे. स्पर्शनेंद्रियात वायूचे आधिक्य असते, ते त्वचेच्या आश्रयाने राहते आणि अभ्यंग त्वचेस परम हितकर आहे, असे सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात म्हटले आहे. स्वतः स्वमग्न असलेल्या अमेरिकी पशुविज्ञानतज्ज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात, स्वमग्न व्यक्ती व महाविद्यालयीन विद्यार्थी या दोहोंवर खोल दाबाचा शामक परिणाम होतो, असे मांडले. हलका, निसटता स्पर्श यांतील अनेकांना असह्य होतो. स्थिर व भरीव दाब मानवतो. आपले मृदू, गुदगुल्या केल्यासारखे मर्दन म्हणूनच फसते.

प्रथम एक गोष्ट पाहावी. अस्वस्थता एकाएकी वाढली असेल तर कर्णशूल, दंतशूल व मलावष्टंभ यांचा शोध घ्यावा. बोलता न येणारे बालक वेदना किंचाळूनच सांगते. ज्वर व अजीर्ण असता अभ्यंग करू नये.

पहिल्या भेटीत तेलास हात लावू नये. खोलीतील धूप, मोठा आवाज व लुकलुकणारी दंडदीप नळी बंद ठेवावी. दुसऱ्या भेटीत कोमट तेलाची वाटी बालकाच्या हाती द्यावी. त्याने वास घ्यावा, बोट बुडवावे. अभ्यंगाचा आरंभ पावलांपासून करावा. शिरापासून मुळीच नको. बालक आईच्या मांडीवर, आणि हातही शक्यतो आईचेच. वैद्याने शेजारी बसून शिकवावे. पूर्ण तळहात टेकवून, भरीव दाबाने, प्रत्येक पायास दहा वेळा हात फिरवावा व ते दहा आकडे मोठ्याने मोजावेत. शेवट केव्हा येणार हे कळले की बालक पुष्कळ सहन करते. पाय आखडला, हात कानाकडे गेला की थांबावे, मग आकडा चार असो वा नऊ. रोज तीच वेळ, तीच चटई. माझ्या अनुभवात पोटरीच्या वर सरकण्यास तीन-चार आठवडे लागतात. एखाद्या दिवशी बालक स्वतः पाय पुढे करते. त्यानंतरच मी पाठीचा विचार करतो.

याने झोप व चंचलता यांत काही बालकांना उतार पडतो, सर्वांना नाही. स्वमग्नता नाहीशी होईल असे आश्वासन कोणत्याही वैद्याने देऊ नये. वाचोपचार व व्यवसायोपचार चालू ठेवावेत. अपस्माराची औषधे आपल्या सांगण्यावरून बंद होता कामा नयेत.

हे सारे आंतरवासितेत शिकवले पाहिजे. स्पर्शनेंद्रियाचा श्लोक आपल्या विद्यार्थ्यांना मुखोद्गत असतो, त्यावर गुणही मिळतात; पण रडणाऱ्या बालकासमोर हात कोठे ठेवावा हे ठाऊक नसते. मी नव्या आंतरवासी वैद्यास पंधरा मिनिटे जमिनीवर, बालकापासून दोन हात अंतरावर बसवितो. बोलायचे नाही, शिवायचे नाही, केवळ दिसेल ते लिहायचे. पहिल्या दिवशी बहुतेक जण 'बालक चंचल' एवढेच लिहून आणतात. आठवड्याने एकीने लिहिले : 'पंखा सुरू होताच उठला, बंद होताच बसला.' त्या दिवशी तिला मी तेलाची वाटी दिली.

औषधी विक्रेत्यांस दोन विनंत्या. क्षीरबला वा बला तैलाचा उत्पादक बदलला तर पालकांस आधी सांगावे. गंधातील अल्प फरकानेही महिन्याची प्रगती थांबते. दुसरे, 'मेध्य' म्हणून रसकल्प चिठ्ठीविना देऊ नयेत. २००४ साली बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले होते. शिसे बालकाच्या मेंदूस घातक आहे, आणि ही बालके तक्रार सांगू शकत नाहीत. चिठ्ठी असली तरी उत्पादकाकडून त्या घाणीचा धातुपरीक्षण अहवाल मागवून मगच बाटली द्यावी.