जिप्सीचा पुढचा अ‍ॅक्सल बदलावा का?

प्रश्न : माझ्या जुन्या जिप्सीत फोर व्हील टाकून वळताना पुढच्या चाकातून ‘कट कट’ आवाज येतो. मेकॅनिक अख्खा अ‍ॅक्सल बदला म्हणतो. काय करू? – एक वाचक, दापोली

उत्तर : घाबरू नका. फक्त वळताना येणारा आवाज बहुधा झिजलेल्या सीव्ही जॉइंटचा असतो. डिफरन्शियल बिघडले तर सरळ चालतानाही घुरघुर ऐकू येते. दोन्ही फ्री व्हील हब मोकळे करून टू व्हीलमध्ये वळवून पाहा. आवाज थांबला, तर दोष जॉइंटमध्येच. थांबला नाही, तर चाकाचे बेअरिंग आणि किंगपिन तपासा.

जॉइंट उघडल्यावर गोळ्यांच्या खाचांत खड्डे दिसले, तर नुसते ग्रीस भरून उपयोग नाही, जॉइंट बदलाच. ग्रीस पातळ झाले असेल, तर डिफरन्शियलचे ऑइल आत झिरपते आहे. सील नवे घाला. भंगारातला शाफ्ट स्वस्त मिळतो, पण त्याचे स्प्लाइन पिळलेले नाहीत ना, हे नीट पाहूनच घ्या.

कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील कधीही वापरू नका. जॉइंट त्यानेच लवकर झिजतात. दुरुस्ती होईपर्यंत हब मोकळे ठेवून टू व्हीलमध्ये गाडी जपून चालवता येईल.