गरम हवेचे तळण : एअर फ्रायरचा वापर आणि निगा

ऑक्टोबरच्या अखेरीस दिल्ली व तिच्या भोवतालच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील हवा जड होऊ लागते. वारा मंदावतो, जमिनीलगतची थंड हवा खालीच अडकून राहते आणि धूर व धूळ यांना वर जाण्यास वाट मिळत नाही. द्वारका, रोहिणी, नोएडा किंवा गुरुग्राम येथील उंच इमारतींत राहणारी कुटुंबे मग खिडक्या लावून घेतात. याच सुमारास दिवाळी येते. दिल्लीतील मराठी घरांत चकली, करंजी आणि शंकरपाळ्यांसाठी कढई कित्येक तास शेगडीवर असते. बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून लावलेली खिडकी आतला धूरही बाहेर जाऊ देत नाही, हे सहसा ध्यानात येत नाही.

स्वयंपाकाच्या कोणत्या रीतीने घरातील हवेत किती सूक्ष्म कण मिसळतात याचे मापन इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी केले आणि त्याचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी कोंबडीचे मांस निरनिराळ्या रीतींनी शिजवून पाहिले. तव्यावर थोड्या तेलात भाजताना दर घनमीटर हवेत ९२.९ मायक्रोग्रॅमपर्यंत कण आढळले. भरपूर तेलात तळताना हा आकडा ७.७, पाण्यात उकडताना ०.७ आणि एअर फ्रायरमध्ये ०.६ होता. हे आकडे एका पदार्थाचे व एका प्रयोगशाळेचे आहेत. घरोघरी ते वेगळे येतील. तथापि त्यांतून दिसणारी दिशा स्पष्ट आहे. मात्र हा लाभ उपकरण विकत घेतल्याने आपोआप मिळत नाही. ते कसे चालते हे समजून घेतले आणि ते स्वच्छ ठेवले, तरच तो मिळतो व टिकतो.

नाव आणि काम

एअर फ्रायर या नावाचा शब्दशः अर्थ हवेने तळणारे यंत्र असा होतो. वस्तुतः या यंत्रात तळण्याची क्रिया होतच नाही. ती एक लहान, बंद आणि वेगवान वाऱ्याची भट्टी आहे. तिच्या माथ्याशी विजेने तापणारे तारेचे वेटोळे असते व त्याच्या वर पंखा असतो. पंखा तापलेली हवा खाली ढकलतो. ती हवा जाळीच्या टोपलीतील पदार्थांमधून व त्यांच्या भोवतीने फिरून पुन्हा वर जाते. टोपलीखालच्या खणात गळलेले तेल व चुरा साठतो.

पंख्याने गरम हवा खेळविण्याची कल्पना नवी नाही. अशा प्रकारची एक भट्टी अमेरिकेत १९४५ च्या सुमारास विमानातील गोठविलेले जेवण गरम करण्यासाठी तयार झाली होती. स्वयंपाकघरात मावेल असे आजचे रूप तिला बऱ्याच नंतर लाभले. फ्रेड व्हान डर वाय या डच संशोधकाच्या रचनेवर आधारलेले यंत्र फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडले. त्यानंतर अनेक कंपन्यांनी तशी यंत्रे बाजारात आणली.

कढईत १७० ते १९० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले तेल पदार्थाला सर्व बाजूंनी एकदम भिडते. पृष्ठभागातील पाण्याची तत्काळ वाफ होते, बुडबुडे उठतात आणि बाहेरचा थर वाळून कुरकुरीत होतो. पदार्थ कढईबाहेर काढल्यावर आतली वाफ निवते आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. पदार्थात शिरणाऱ्या तेलाचा मोठा भाग असा काढल्यानंतर शिरत असल्यामुळे तळण झाऱ्यावर नीट निथळू देण्याची जुनी रीत शास्त्राला धरून आहे.

हवा ही तेलाच्या मानाने उष्णतेची फार मंद वाहक आहे. शिवाय पदार्थाभोवती स्थिर हवेचा एक पातळ थर असतो व तो उष्णता अडवितो. पंख्याचा झोत हा थर मोडतो, एवढीच या यंत्राची करामत. तरीही कढईत पाच मिनिटांत होणाऱ्या पदार्थाला येथे बारा ते वीस मिनिटे लागतात. पदार्थाला तेलाचा हलका हात लावल्यास उष्णता सारखी पसरते व रंग चांगला येतो. म्हणून तेल अजिबात न वापरण्याचा हट्ट धरू नये. चार जणांच्या पदार्थाला एक-दोन चमचे तेल पुरते.

काय जमते, काय जमत नाही

हे तत्त्व एकदा ध्यानात आले, की कोणता पदार्थ या यंत्रात साधेल हे आधीच ओळखता येते. भज्यांचे पातळ पीठ येथे जमत नाही. कढईत ते तेलाला स्पर्श होताच आवळते. येथे आवळण्यापूर्वीच ते जाळीतून ओघळते व खणात जळते. उलट अळूवडी व कोथिंबीर वडी आधीच वाफवलेल्या असतात. त्यांना केवळ बाहेरून खरपूस करावयाचे असते, म्हणून त्या फार चांगल्या होतात. शंकरपाळ्यांच्या पिठातच तूप असते, त्यामुळे तेही होतात. मात्र त्यांची चव तळलेल्या शंकरपाळ्यापेक्षा बिस्किटाच्या जवळ जाते. चकलीतही मोहन असते, पण कढईतली खुसखुशी येथे येत नाही. दिल्लीच्या रस्त्यावरील आलू टिक्की व पनीर टिक्का यांपैकी दुसरा पदार्थ मुळात तंदूरचा, म्हणजे कोरड्या उष्णतेचा असल्याने या यंत्राला अधिक मानवतो.

टोपलीत पदार्थांची दाटी करू नये. हवा फिरण्यास जागा न उरल्यास पदार्थ भाजण्याऐवजी वाफेत शिजतात व मऊ पडतात. एकच थर पसरावा आणि निम्मा वेळ झाल्यावर टोपली हलवून पदार्थ उलटावेत. पापडासारखी हलकी वस्तू किंवा रिकामा कागद आत ठेवणे धोक्याचे आहे. पंख्याच्या झोताने तो उडून वेटोळ्याला चिकटतो व पेट घेतो. कागद घालावयाचाच असेल, तर तो पदार्थाच्या वजनाखाली दाबलेला असावा.

बटाट्याच्या बाबतीत आणखी एक दक्षता हवी. पिष्टमय पदार्थ १२० अंशांहून अधिक तापमानात भाजले असता त्यांतील अ‍ॅस्पॅराजीन हे अमिनो आम्ल व साखर यांच्या संयोगातून अ‍ॅक्रिलामाइड नावाचे अनिष्ट द्रव्य तयार होते. ते अन्नात असल्याचे २००२ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. तेल नाही म्हणून हे द्रव्यही नाही, असे समजणे चूक आहे. बटाट्याच्या फोडी अर्धा तास पाण्यात ठेवून, निथळून, पुसून घ्याव्यात. त्यांना सोनेरी रंग आला की थांबावे. तपकिरी होऊ देऊ नये.

कढईशी तुलना करताना आणखी एक लाभ विसरू नये, तो म्हणजे उरलेल्या तेलाचा प्रश्न येथे उद्भवत नाही. एकदा तापविलेले तेल पुन्हा पुन्हा वापरण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. तेल वारंवार तापविल्याने त्यात ध्रुवीय संयुगे वाढत जातात. अशा संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल खाद्यव्यवसायात वापरू नये, असा नियम भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला. घरच्या कढईवर मात्र असा पहारा ठेवणारे कोणी नसते.

वीज आणि जागा

घरगुती एअर फ्रायर साधारणपणे १५०० वॅटचा असतो. २३० व्होल्ट दाबावर तो सुमारे साडेसहा अँपिअर प्रवाह ओढतो. दिवा किंवा पंख्यासाठीचा लहान सॉकेट ६ अँपिअरचा असल्यामुळे तो या कामी अपुरा पडतो. तीन जाड पिनांचा १६ अँपिअरचा सॉकेटच वापरावा. जोडवायरीच्या पट्टीवर यंत्र चालवू नये. वीज गेल्यावर दिवे व पंखे चालविणारा सामान्य घरगुती इन्व्हर्टरही हा भार पेलत नाही. वीस मिनिटांच्या वापरास जास्तीत जास्त अर्धा युनिट वीज लागते.

यंत्राच्या मागील बाजूने गरम हवा बाहेर पडते. म्हणून ते भिंतीपासून वीतभर दूर, सपाट ओट्यावर ठेवावे. वर फळी, मागे पडदा किंवा शेजारी पेटलेली शेगडी नसावी. मे-जूनमध्ये दिल्लीत येणाऱ्या आंधीची बारीक धूळ झरोक्यांतून आत शिरते. यास्तव यंत्र निवल्यावर त्यावर सुती आच्छादन घालावे आणि वापरापूर्वी ते काढण्यास विसरू नये.

स्वच्छता : रोजची आणि महिन्याची

बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी पुढे असेही पाहिले, की सत्तरहून अधिक वेळा वापरलेल्या, पण आतून खोलवर साफ न केलेल्या यंत्रातून अतिसूक्ष्म कणांचे उत्सर्जन दुपटीहून अधिक वाढते. याचा अर्थ असा, की ज्या लाभासाठी यंत्र घरात आणले तो आतील चिकट थर हळूहळू गिळून टाकतो.

हा थर घट्ट का बसतो, याचे कारण तेलाच्या स्वभावात आहे. तेलाचा पातळ पापुद्रा उष्णता व हवा यांच्या सान्निध्यात आला, की त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि तो वाळून कडक होतो. अळशीच्या तेलात कालविलेला रंग वाळतो तोही याच क्रियेने. ताजे तेल साबणाला दाद देते. वाळलेला पापुद्रा देत नाही. म्हणून टोपली व खण त्याच दिवशी धुवावेत. उद्यावर टाकलेले काम येथे खरोखरच दुप्पट होते.

प्रथम बटण बंद करून प्लग काढावा आणि यंत्र अर्धा तास निवू द्यावे. तापलेल्या टोपलीवर थंड पाणी ओतू नये. धातू व त्यावरील लेप निरनिराळ्या प्रमाणात आकसतात आणि लेप सुटू लागतो. खणातील चरबी मोरीत ओतू नये. दिल्लीच्या जानेवारीत ती नळीत गोठून बसते. जुन्या वर्तमानपत्राने ती पुसून कचऱ्यात टाकावी. नंतर टोपली व खण कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या द्रव साबणाचे थेंब टाकून वीस मिनिटे भिजवावेत व मऊ स्पंजने धुवावेत. कोपऱ्यांतील चुऱ्यासाठी जुना मऊ दातांचा ब्रश उपयोगी पडतो. डाग राहिल्यास खाण्याच्या सोड्याचा ओला लेप थोडा वेळ लावून ठेवावा आणि मग हलक्या हाताने पुसावे.

तारेची घासणी, राख किंवा वाळू यांचा वापर मुळीच करू नये. भांडी घासण्यास येणाऱ्या बाईंनाही हे आधी समजावून सांगितलेले बरे. पितळ व पोलाद लखलखीत करणारा हात या लेपाला सोसवत नाही. पुष्कळ टोपल्यांवरील न चिकटणारा लेप पीटीएफई या द्रव्याचा असतो. रॉय प्लंकेट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला ते १९३८ साली योगायोगाने सापडले. सुमारे २६० अंशांवर ते विघटित होऊ लागते. बहुतेक यंत्रे २०० अंशांच्या आसपास थांबत असल्यामुळे नेहमीच्या वापरात ती भीती राहत नाही. मात्र लेपाचे पापुद्रे निघू लागल्यास टोपली बदलावी. पदार्थ उलटण्यासही लाकडी किंवा सिलिकोनचा चिमटा घ्यावा.

महिन्यातून एकदा, आणि वापर रोजचा असल्यास आठवड्यातून एकदा, वरच्या वेटोळ्याकडे लक्ष द्यावे. यंत्र पूर्ण थंड असताना व प्लग काढलेला असताना खण बाहेर काढून आत वाकून पाहावे. ओलसर, घट्ट पिळलेल्या फडक्याने किंवा मऊ ब्रशने वेटोळे व भोवतालचे छत पुसावे. तेथे पाणी शिंपडू नये आणि यंत्राची मुख्य पेटी कधीही पाण्यात बुडवू नये. पंख्याची मोटर व विजेच्या तारा तिच्यातच असतात.

गुरुग्राम, नोएडा व गाझियाबाद येथील ज्या वसाहतींत कूपनलिकेचे जड पाणी येते, तेथे धुतलेल्या टोपलीवर पांढुरके ठिपके उमटतात. ते क्षारांचे असतात, तेलाचे नव्हेत. साबणाने ते जात नाहीत. पाण्यात थोडा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून त्याने पुसावे, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपावे. पावसाळ्यात ओली टोपली बंद करून ठेवल्यास कुबट वास येतो. तेव्हा ती बसविल्यावर यंत्र तीन-चार मिनिटे रिकामे चालवून कोरडे करावे.

धूर येऊ लागल्यास

पांढरा धूर बहुधा खणात गळणाऱ्या चरबीचा असतो. स्निग्ध पदार्थ करताना खणात दोन चमचे पाणी घातल्यास तो कमी होतो. काळा व उग्र धूर म्हणजे काही जळत असल्याची खूण होय. अशा वेळी भिंतीवरचे बटण बंद करून प्लग काढावा आणि खण बंदच ठेवावा. खण उघडल्यास आगीला नवी हवा मिळते. पाणी ओतल्यास विजेचा व उडणाऱ्या तेलाचा धोका असतो. धूर थांबून यंत्र पूर्ण निवल्यावरच ते उघडावे.

कढईची जागा हे यंत्र पूर्णपणे घेऊ शकणार नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. दिवाळीची चकली कढईतच व्हावी, असे एखाद्या घराला वाटल्यास त्यात गैर काही नाही. तेवढ्या वेळापुरती खिडकी उघडी ठेवून धूर बाहेर टाकणारा पंखा चालू ठेवावा. मात्र एरवीच्या दिवसांतील टिक्की, वडी व बटाट्याच्या फोडी गरम हवेवर सोपविल्यास तेल वाचते व घरातली हवा हलकी राहते. त्यासाठी रोज द्यावी लागणारी किंमत म्हणजे कोमट पाणी, मऊ स्पंज आणि दहा मिनिटांचे श्रम.