डोंगरवाटेला निघण्यापूर्वी बूट काढा

दिवाळी आटोपली, सोयाबीन घरात आले, की आमच्या दवाखान्यात एक निराळ्या प्रकारचे पेशंट येऊ लागतात. त्यांना आजार काहीच नसतो. कोणाला पायी शेगाव गाठायचे असते, कोणाला मित्रांसोबत चिखलदरा पाहायचा असतो. "साहेब, जाऊ ना?" एवढेच त्यांना विचारायचे असते.

गेल्या आठवड्यात असे पाच जण एकदम आले. किन्हीराजा आणि मालेगावची मंडळी, वय २८ ते ४६. त्यांत दोन शिक्षक. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सह्याद्रीत सात दिवस पायी हिंडण्याचा त्यांचा बेत आहे. अकोल्याहून रेल्वेने इगतपुरी, तेथून बारी गाव. पहिल्या दिवशी कळसूबाई, म्हणजे १६४६ मीटर, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. मग रतनवाडी, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड. तोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरून नाणेघाट, आणि शेवटी ढाकोबा, दुर्ग, आहुपे करीत भीमाशंकर. बरोबर वाटाड्या नाही, नेणारी संस्था नाही. कागदावरचा नकाशा, मोबाईल आणि पाचांची हिंमत. घरच्यांच्या समाधानासाठी माझ्याकडून फिटनेसचे सर्टिफिकेट हवे होते.

बेत ऐकून मला आनंदच झाला. आपल्याकडील माणूस सह्याद्री बघतो तो बहुधा जीपच्या काचेतून. पण सर्टिफिकेटावर सही करण्याआधी मी पाचांनाही बूट-मोजे काढायला सांगितले. ते एकमेकांकडे पाहू लागले. एक जण म्हणाला, "साहेब, छाती तपासा, पायाले काय होते?"

त्याचे उत्तर देण्यासाठी मला काही वर्षांमागची एक गोष्ट सांगावी लागेल. ती सांगताना मला बरे वाटत नाही, पण सांगतो.

आमच्या भागातील एक शेतकरी, वय ५२, मधुमेह नऊ वर्षांपासून. श्रावणात नागपंचमीच्या सुमारास पचमढीजवळ नागद्वारची यात्रा भरते. सातपुड्याच्या डोंगरातून, पावसात, निसरड्या वाटेने चालत जावे लागते. आपल्या विदर्भातून हजारो लोक जातात. हे गृहस्थ निघण्यापूर्वी माझ्याकडे आले. मी रक्तदाब मोजला, साखरेचा रिपोर्ट पाहिला, गोळ्या लिहून दिल्या आणि "चालणे चांगलेच, खुशाल जा" म्हणालो. पाय पाहिले नाहीत. दवाखान्यात गर्दी होती, हे काही कारण होऊ शकत नाही.

तीन दिवस ते ओल्या कॅनव्हासच्या बुटांत डोंगर चढले-उतरले. घरी येऊन बूट झटकला तेव्हा आतून हरभऱ्याएवढा खडा पडला. उजव्या अंगठ्याखाली जखम झाली होती. दुखत नव्हती म्हणून हळद लावून ठेवली. माझ्याकडे आले ते नवव्या दिवशी, पाय सुजल्यावर आणि जखमेला वास सुटल्यावर. एक्स-रेमध्ये हाडापर्यंत बिघाड दिसला. अकोल्याला पाठवले, तेथे अंगठा काढावा लागला. परत आल्यावर ते मला एकच वाक्य बोलले, "साहेब, दुखलंच नाई, त मले समजन कसं?"

वाचकहो, सगळे मर्म या वाक्यात आहे. बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली की पायाच्या बारीक नसा बधिर होत जातात. शरीराच्या सर्वांत लांबच्या टोकाला, म्हणजे बोटांना, हे प्रथम होते. हळूहळू होत असल्यामुळे माणसाला त्याचा पत्ताच लागत नाही. निरोगी माणसाच्या बुटात खडा गेला तर तो दहा पावलांत थांबतो. बधिर पायाचा माणूस दिवसभर त्याच खड्यावर चालतो. दुखणे ही आपल्याला शिक्षा वाटते, पण डोंगरात तोच आपला पहारेकरी असतो. त्यातच रक्तपुरवठा कमी झालेला असेल तर जखम भरत नाही, आणि साखर जास्त असेल तर जंतूंना आयते फावते.

आपल्या पायाला कळते की नाही, हे घरी पाहण्याची एक सोपी रीत आहे. इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी ती सुचवली, आणि तिला काहीही साहित्य लागत नाही. ज्याचे पाय तपासायचे त्याने पाय पसरून डोळे मिटावेत. घरातील दुसऱ्या माणसाने आपल्या तर्जनीचे टोक त्याच्या बोटांच्या शेंड्यांना अलगद लावावे, एक-दोन सेकंदच. दाबू नये, घासू नये, टोचू नये. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवे मधले बोट आणि डावे मधले बोट. स्पर्श कळला की त्याने "उजवा" किंवा "डावा" म्हणायचे. न कळलेल्या बोटाला पुन्हा हात लावून संधी द्यायची नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही, तर पायातील संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे. दवाखान्यात आम्ही नायलॉनचा तंतू आणि कंप पावणारा चिमटा वापरून हेच अधिक बारकाईने पाहतो, शिवाय पायाच्या पाठीवरची नाडी चाचपतो.

पाचांपैकी चार जणांचे पाय उत्तम निघाले. पाचव्यांचे पुढे सांगतो.

ज्यांचे पाय चांगले आहेत त्यांनाही डोंगर सोडत नाही. सात दिवसांची वाट मोडते ती बहुतेक फोडामुळे. ओली कातडी, आतल्या आत सरकणारा बूट आणि तासन्‌तास घर्षण, एवढ्याने कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात व मध्ये पाणी भरते. त्याआधी त्या जागी चटका जाणवतो. चटका जाणवला की त्याच क्षणी थांबायचे. "पुढच्या टेकाडावर बसू" असे म्हणणाऱ्याच्याच पायाला फोड येतो. मोजा काढून पाय कोरडा करा, त्या जागी चिकटपट्टी सुरकुती न पडता लावा. फोड आलाच तर वरची कातडी सोलू नका, तिच्याइतके चांगले ड्रेसिंग बाजारात मिळत नाही. मोठा, ताणलेला आणि चालू न देणारा फोड असेल तर हात धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला छिद्र पाडून पाणी काढावे व झाकून ठेवावा. मधुमेही माणसाने मात्र हे स्वतः मुळीच करू नये.

बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखे काळी पडतात. नवे बूट घालून थेट बारीला उतरणे म्हणजे संकटाला आमंत्रण. निदान पाच-सहा आठवडे ते गावात वापरा. सुती मोजे घाम धरून ठेवतात, त्यापेक्षा लोकरीचे किंवा सिंथेटिक बरे. तीन जोड न्या, एक कायम कोरडा ठेवा व तो फक्त झोपताना घाला. नखे सरळ कापा, कोपऱ्यात खोल नको.

सरावाचे काय? आपल्याकडे सह्याद्री नाही, पण अजिंठ्याच्या रांगेची टेकाडे आहेत. त्यांच्यावर चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव करा, असे मी सांगतो. लोक चढाला भितात, कारण तेथे दम लागतो. पण मांड्या आणि गुडघे मोडतात ते उतारावर. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन पेलत असतो. त्यामुळे त्याच्या तंतूंना बारीक इजा होते व दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. कळसूबाई उतरल्यावर लगेच काही जाणवणार नाही, तिसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीत पाय बोलू लागतील. म्हणून पाठीवर पाच किलो तुरीची डाळ बांधून आठवड्यातून तीन वेळा टेकाड चढा-उतरा, हळूहळू आठ किलोपर्यंत जा. प्रत्यक्ष ओझे वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावे. साठ किलोचा मुलगा वीस किलोची पिशवी घेऊन निघतो आणि वाटेत दोष मात्र डोंगराला देतो! हातात काठी ठेवा, तीत लाजण्यासारखे काही नाही.

पाण्याबद्दल दोन्ही बाजूंनी चुका होतात. डिसेंबरात गारवा असतो म्हणून लोक पाणीच पीत नाहीत. उलट काही जण तहान नसताना बाटल्यांमागून बाटल्या रिचवतात, त्याने रक्तातील सोडियम कमी होऊन डोके दुखते, उलटी होते, माणूस बरळतो. तहान लागली की प्या. लघवी फिकट पिवळी राहिली पाहिजे. ओ.आर.एस.ची पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण टाकावी, अर्धी-अर्धी नको. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. टाक्यातील पाणी कितीही नितळ दिसले तरी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून, सांगितलेला वेळ थांबूनच प्यावे.

उंचीची भीती नको. विरळ हवेचा त्रास साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतो, सह्याद्री तेवढा उंच नाही. हिमालयाचा बेत असेल तर तो विषय वेगळा. साप चावल्यास कापू नका, आवळून बांधू नका, चोखू नका. तो अवयव फळीने स्थिर ठेवून माणसाला न चालवता प्रतिविष मिळणाऱ्या रुग्णालयात न्या, १०८ ला फोन करा. आग्या मोहोळाखाली धूर, अत्तर, आरडाओरड नको. धनुर्वाताचे इंजेक्शन दहा वर्षांत झाले नसेल तर घेऊन जा. चाळिशीनंतर चढताना छातीत जडपणा, घसा किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त दम, असे होत असेल तर आधी तपासणी, नंतर डोंगर.

वाटाड्या न घेण्याबद्दल माझे मत त्यांनी विचारले नव्हते, तरी मी दिले. कळसूबाईची वाट मळलेली आहे, तेथे नसला तरी चालेल. पण कात्राबाई ते पाचनई आणि ढाकोबा ते आहुपे या टप्प्यांवर त्या गावातील माणूस बरोबर घ्यावा. चार पैसे त्यालाही मिळतात. रोज रात्री कोणत्या गावी पोचणार, याचा कागद घरी ठेवा. मोबाईलला रेंज नसली तर शोधणाऱ्याला तोच उपयोगी पडतो.

आता पाचवे गृहस्थ. हे शिक्षक, वय ४६, मधुमेह अकरा वर्षांचा, बेताचे मुख्य सूत्रधार. नकाशा यांनीच काढलेला. डोळे मिटून बसले. सहापैकी तीन ठिकाणी त्यांना स्पर्श कळला नाही. मित्र शेजारीच उभे होते. त्यांच्या डोळ्यांदेखत मी बोट लावत होतो आणि सर गप्प होते. डोळे उघडून त्यांनी विचारले, "सुरू केलं का?"

खोलीत कोणी काही बोलले नाही.

सरांना मी स्पष्ट सांगितले, पाठीवर ओझे घेऊन सलग सात दिवस नाही. त्यांना ते फार लागले. दोन वर्षे ते या वाटेची माहिती जमवत आहेत. पण साखर असलेल्या माणसाने डोंगरात जाऊच नये, असे मी म्हणत नाही आणि ते खरेही नाही. पाय जागे असतील, साखर ताब्यात असेल, तर मधुमेही खुशाल जाऊ शकतो. त्याने एवढे सांभाळावे: इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या चालू असतील तर दिवसभराच्या चालीने साखर फार खाली येते, कधी कधी रात्री झोपेत. म्हणून डोस डॉक्टरांना विचारून आधीच ठरवावा, झोपण्यापूर्वी काही खावे. घाम, थरथर, चिडचिड वाटली की तीन चमचे साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. ही लक्षणे बरोबरच्या माणसांनाही माहीत हवीत, कारण साखर उतरलेला माणूस "मला काही झाले नाही" असेच म्हणतो. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी, कमी पाण्यावर चालणे धोक्याचे आहे. इन्शुलिन उन्हात ठेवू नये. आणि बूट घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी उलटा करून झटकावा, आत हात फिरवावा. रात्री तळवे आरशात पाहावेत, किंवा मित्राला दाखवावेत.

सरांसाठी मी दुसरा बेत सुचवला आहे. चौघांनी डोंगरातून जावे, सरांनी एस.टी. आणि जीपने रतनवाडी, पाचनई, खिरेश्वर असे पायथ्याच्या गावी मुक्कामाला त्यांना गाठावे. सकाळी तास-दीड तास सपाट वाटेने, रिकाम्या पाठीने चालावे. रतनवाडीला अमृतेश्वराचे मंदिर आहे, तेथे दिवस सहज जातो. चौघांचे ओझेही त्यामुळे कमी होईल. तोपर्यंत साखर आणावी लागेल, पायाच्या रक्तपुरवठ्याची तपासणी करावी लागेल, मऊ तळाचे बूट शोधावे लागतील.

चौघांना सर्टिफिकेट दिले. सरांनी अजून होकार दिलेला नाही. मंगळवारी बूट घेऊन येतो म्हणाले आहेत.